वेबरचा कागद, मामांचा दम

कार्ल मारिया फॉन वेबर या जर्मन संगीतकाराचा 'कन्सर्टिनो' क्लॅरिनेट शिकणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी येतो. रचना नऊ-दहा मिनिटांची. सुरुवात संथ आणि गंभीर, मग एक साधी चाल, त्या चालीचे एकापेक्षा एक अवघड विस्तार, आणि शेवटी सुसाट धावणारा भाग. वादकाला आपलं कसब लोकांसमोर मांडता यावं म्हणूनच ती लिहिली गेली. मग अशी रचना वाजवताना वादकानं कागदावरचं किती पाळायचं आणि स्वतःचं किती घालायचं?

हा प्रश्न मी सुरतेजवळच्या इच्छापोरमध्ये नेऊन मांडतो आहे. ताप्ती लाइनच्या गाड्यांनी नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसं पोटासाठी सुरतेला आली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेश वसला. हजीरा पट्ट्यातल्या कारखान्यांच्या ओढीनं काही कुटुंबं इच्छापोरपर्यंत पोचली. त्यांच्याबरोबर लग्नाचा बँड आला आणि बँडबरोबर क्लॅरिनेट. युरोपातल्या राजदरबारात वाढलेलं हे वाद्य आज कोणत्या मराठी ओठांवर आहे असं विचारलं, तर मी आधी या माणसांकडे बोट दाखवीन.

पुढच्या संवादातली मामा-भाचीची जोडी मी रचलेली आहे. त्यांचा वाद मात्र खरा आहे आणि त्यांच्या तोंडची संगीताची माहितीही खरी. मामांची हयात बँडमध्ये गेली. स्वरलिपी त्यांना वाचता येत नाही. भाची कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, पाश्चात्त्य पद्धतीनं कागद वाचून क्लॅरिनेट शिकली आहे आणि लवकरच पियानोच्या साथीनं तिला कन्सर्टिनो वाजवायचा आहे. तिनं तो मामांना नुकताच वाजवून दाखवला आहे.

मामा : छान वाजवलंस. बोट कुठे अडलं नाही. पण माय, तू वाजवत होतीस की परीक्षा देत होतीस?

भाची : जे लिहिलंय ते आधी नीट यायला नको का, मामा? एकेका ओळीवर किती दिवस घालवलेत मी. कुठे जीभ मारायची, कुठे स्वर जोडून न्यायचे, कुठे हळू, कुठे मोठ्यानं, सगळं कागदावर आहे.

मामा : कागदावर आहे ते ऐकलं मी. तुझं काय होतं त्यात?

भाची : माझं काही असायलाच हवं का? वेबरचं आहे ते.

मामा : मग लोक तुला ऐकायला कशाला येतील? आमच्या वरातीत बघ. 'नागिन'ची धून. मूळ चाल एवढीशी. पण नवरदेवाचे मित्र रुमालाची पुंगी करून रस्त्यावर लोळायला लागले की ती चाल मी सोडत नाही. एकाच स्वरावर घोळवतो, वर नेतो, खाली आणतो, पुन्हा वर नेऊन तिथेच धरून ठेवतो. ते दमले की मग सोडतो. कोणी लिहून दिलं नव्हतं मला ते.

भाची : 'नागिन' 1954 चा. संगीत हेमंतकुमारांचं. आणि तो पुंगीचा आवाज खऱ्या पुंगीचा नव्हताच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर वाजवला होता.

मामा : बघ! नकली पुंगीची नक्कल आम्ही क्लॅरिनेटवर करतो आणि लोक खऱ्या नागासारखे डोलतात. वाजवणाऱ्याच्या दमात ताकद असते, ती अशी. मूळ कुठलं का असेना.

भाची : वरातीत चालतं ते. पियानोवाला तुमच्यासाठी थांबून राहणार नाही, मामा. त्याच्यापुढेही कागदच असतो.

इथे भाचीचं म्हणणं वरवर रुक्ष वाटेल. पण तिच्या बाजूला मोठी परंपरा उभी आहे, आणि ती फक्त युरोपातली नाही. कागद की गळा हा वाद गुजरातेत, तोही मराठी राजवटीत, फार आधी होऊन गेला आहे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात 1886 साली गायक मौलाबक्षांनी गायनशाळा काढली आणि विद्यार्थ्यांना स्वरलिपीवरून शिकवलं. 1916 साली त्याच बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. ती भरवण्यात पुढे होते पंडित विष्णु नारायण भातखंडे, ज्यांनी घराण्यांमध्ये बंद असलेल्या चिजा मिळवून कागदावर उतरवल्या. आपलं गाणं कागदावर जाऊ द्यायला तेव्हाचे कित्येक उस्ताद राजी नव्हते. लिहिलं की गाण्यातला जीव जातो, असं त्यांना वाटे. भातखंड्यांचं म्हणणं, लिहिलं नाही तर गाणंच जाईल. इच्छापोरच्या खोलीत मामा त्या उस्तादांच्या बाजूनं बोलतात आणि भाची भातखंड्यांच्या.

मामा : बरं, हा तुझा वेबर स्वतः क्लॅरिनेट वाजवायचा का?

भाची : नाही. पियानो वाजवायचा, वाद्यवृंद चालवायचा. हे त्यानं हाइनरिश बेअरमान नावाच्या वादकासाठी लिहिलं. 1811 साल, म्युनिक. वेबर 24 वर्षांचा, बेअरमान 27 चा, तिथल्या दरबारी वाद्यवृंदात नोकरीला. वेबरनं तीन दिवसांत लिहिलं आणि त्यानं तीन दिवसांत बसवलं, असं सांगतात. 5 एप्रिलला पहिल्यांदा वाजलं. बव्हेरियाचा राजा इतका खूश झाला की लगेच आणखी दोन मोठे कन्सर्टो लिहायला सांगितले. तेही त्याच वर्षी झाले.

मामा : म्हणजे वाजवणारा आधी, लिहिणारा नंतर. बेअरमानचा दम केवढा, बोटं कुठे पळतात, खालचे सूर कसे लागतात, हे ऐकून त्यानं लिहिलं. शिंपी अंगाचं माप घेऊन सदरा शिवतो, तसं. तो सदरा तू तसाच्या तसा घालतेस आणि वर म्हणतेस, मापात बदल नको.

भाची : पण बेअरमानचं वाद्य वेगळं होतं. त्याच्या क्लॅरिनेटला दहाच चाव्या. माझ्याला सतरा, तुमच्या जुन्याला तेरा. काही स्वर त्याला आडवीतिडवी बोटं लावून काढावे लागत, ते दबके निघत. वेबरला हे माहीत होतं. म्हणून जिथे वाद्य गातं, तिथेच त्यानं चाल ठेवली आहे. आपण मनाला येईल ते घातलं तर त्याची ती निवडच बिघडते.

मामा : निवड त्यानं बेअरमानसाठी केली, तुझ्यासाठी नाही.

भाची : मग ऐका. बेअरमानचा मुलगा कार्ल, तोही मोठा क्लॅरिनेटवादक. वडील 1847 ला गेले. पुढे त्यानं वेबरच्या या रचना स्वतः छापून काढल्या. त्यात वेबरनं न लिहिलेल्या कितीतरी खुणा आहेत. इथे जोडून, इथे तोडून, इथे जादा स्वरांची नक्षी. वडील असं वाजवायचे, असा त्याचा दावा. दीडशे वर्षं जगभरचे वादक त्याच आवृत्तीवरून वाजवत आले. आता वेबरच्या मूळ लिखाणावरून केलेल्या आवृत्त्या मिळतात. मी मूळ घेतलाय.

मामा : आणि पोराचं टाकून दिलंस?

भाची : वडिलांचं कुठे संपतं आणि पोराचं कुठे सुरू होतं, कोण सांगणार?

मामा : घराणं म्हणजे तेच की! माझ्या गुरूनं शिकवलेल्या गाण्यात माझं कुठे सुरू होतं, मला तरी कुठे सांगता येतं? पण त्या पोरानं बापाला रोज ऐकलंय. कागदाला कान नसतात, माय. त्याला होते.

मामांचा हा मुद्दा मला फार वजनदार वाटतो. राजानं लिहायला सांगितलेल्या त्या दोन कन्सर्टोंपैकी एफ मायनरमधल्या पहिल्यात हाइनरिश बेअरमाननं पहिल्या भागात स्वतःचा एक लहानसा तुकडा घातला होता. तो वेबरचा नाही हे सर्वांना ठाऊक आहे, तरी बहुतेक वादक आजही तो वाजवतात, कारण तो तिथे शोभतो. बेअरमान केवळ नोकरदार वादक होता असंही नाही. कन्सर्टिनो गाजला त्याच वर्षीच्या हिवाळ्यात वेबर आणि तो मिळून गावोगाव कार्यक्रम करत हिंडले. संगीतकार मेंडेल्सोनची तर गंमतच. 1832 च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये बेअरमान पितापुत्रांनी स्वयंपाकघरात त्याच्या आवडीचे वाफवलेले गोळे आणि दुसरा एक गोड पदार्थ करायचा, आणि तोवर त्यानं बाहेर बसून त्या दोघांसाठी युगुलरचना लिहायची, असा सौदा झाला. पदार्थ झाले, रचनाही झाली. संगीत लिहिणारा आणि वाजवणारा इतक्या जवळ बसलेले असताना कागद कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो, ही रेघ आखणं अवघडच.

पण या वादातला खरा धडा मामांनी तोंडी दिला नाही, बोटांनी दिला. क्लॅरिनेटच्या मधोमध एक अडचणीची जागा आहे. बासरी जोरात फुंकली की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. क्लॅरिनेटवर तसं होत नाही, तिथे आठव्याऐवजी बारावा स्वर येतो. त्यामुळे खालची पट्टी आणि वरची पट्टी यांच्यामध्ये एक खिंड उरते. तिच्या काठावरचे स्वर काढताना बहुतेक भोकं उघडी असतात, आवाज पातळ, फिकट येतो. लगेच पुढचा स्वर काढायचा तर जवळजवळ सगळी भोकं एकदम झाकावी लागतात. एक बोट केसभर चुकलं की चीत्कार उठतो. कन्सर्टिनोच्या विस्तारांमध्ये ही खिंड पुन्हा पुन्हा ओलांडावी लागते.

मामा : तिथे तुझा सूर कापतो. वर जाताना झटका बसतो.

भाची : हो ना! किती घोटलंय, तरी बसतो.

मामा : उजवा हात बघ तुझा. फिक्या सुरावर असताना उजवी बोटं हवेत असतात. पुढच्या सुराला ती सगळी एकदम खाली येतात. तू ती आधीच खाली ठेव.

भाची : आधीच? मग सूर बदलेल ना!

मामा : ठेवून तर बघ. फिका सूर उलट भरून येतो. आणि पुढे जायला आता डाव्या हाताचंच काम.

तिनं तसं केलं आणि स्वर पुढच्या स्वरात सरकत गेला, झटका नाही. ही युक्ती पाश्चात्त्य शिकवणीतही आहे. मामांना ती कोणत्या पुस्तकातून मिळालेली नाही. रस्त्यानं चालत, भर उन्हात, ढोल आणि ट्रम्पेटच्या गर्दीत आपला सूर ऐकू यावा म्हणून त्यांच्या बोटांनी ती शोधली. मीरतच्या जली कोठी भागात बनलेली, फारशी महाग नसलेली वाद्यं घेऊन देशभरच्या बँडवाल्यांनी असं किती ज्ञान हातात साठवलं असेल! त्यातलं फारच थोडं कोणी टिपून ठेवलं. भातखंड्यांसारखा माणूस बँडला मिळाला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आता तर खानदेशातल्याच लग्नांमध्ये डीजेच्या भिंतींनी क्लॅरिनेटवाल्याला घरी बसवलं आहे.

भाची : ही युक्ती मला कोणी दाखवली नव्हती. पण मामा, तुम्ही सुरांना जी मींड देता, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता, ती मी वेबरमध्ये घेणार नाही.

मामा : का? क्लॅरिनेटला जमत नाही का? त्रिचीच्या ए. के. सी. नटराजन यांनी अख्खं कर्नाटक संगीत यावर वाजवलं. 2022 ला पद्मश्री मिळाली त्यांना. रायचूरच्या नरसिंहलू वडवाटींनी याच वाद्यावर आपले राग मांडले. मींडेशिवाय?

भाची : जमतं, पण ते संगीत मींडेनंच बोलतं, वेबरचं बोलत नाही. अमेरिकेत एकदा झालं तसं. गर्श्विन या संगीतकाराच्या 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'ची सुरुवात क्लॅरिनेटनं होते. कागदावर त्यानं वर चढत जाणारे सुटे स्वर लिहिले होते. तालमीत रॉस गोर्मन नावाच्या वादकानं मजेनं ते सगळे एका घसरगुंडीत ओढत वर नेले. गर्श्विनला ते इतकं आवडलं की त्यानं सांगितलं, असंच ठेव. 1924 च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्कला ते तसंच वाजलं. आज ती घसरण नसेल तर लोकांना ती रचना ओळखूच येणार नाही.

मामा : मग झालं की! तू पण कर.

भाची : गर्श्विन समोर बसला होता, मामा. त्यानं होकार दिला. वेबर जाऊन दोनशे वर्षं होत आली. त्याचा होकार मी कुठून आणू?

यावर मामा गप्प राहिले. भाचीची बाजू इथे खरोखर बळकट आहे. हयात नसलेल्या माणसाच्या रचनेत बदल करताना त्याला विचारता येत नाही, म्हणून उलट जास्त जपायला हवं. मींडेबद्दल मी तिच्याच बाजूचा आहे. वेबरच्या चालीत स्वर एकेक करून स्वच्छ उमटावे लागतात. घसरण आली की चालीचा ताठ कणाच वाकतो.

पण मग मामांनी असा प्रश्न काढला की भाचीला तिचाच कागद नीट पाहावा लागला.

मामा : शेवटचं जे तू पळवतेस, ते एवढं का पळवतेस?

भाची : तो शेवटचा वेगवान भाग आहे. 'अलेग्रो'. सगळे तसाच वाजवतात.

मामा : मी ताल मोजला. तीन-तीन, सहा मात्रा. दादऱ्याच्या अंगानं जातो. दादरा मस्तीत डुलला पाहिजे. तू पहिल्या ओळीपासून धूम ठोकतेस, शेवटी आणखी कुठे पळणार? तेवढा वेग कागदावर लिहिलाय का?

भाची : 'अलेग्रो' लिहिलंय. म्हणजे... वेगात.

मामा : किती वेगात? आकडा आहे का?

भाची : आकडा नाही. असणारही नाही. वेग मोजणाऱ्या मेट्रोनोमचं पेटंटच मेल्झेलनं 1815 ला घेतलं आणि हे 1811 चं.

मामा : मग आकडा कुठून आला तुझ्याकडे?

भाची : रेकॉर्डिंगमधून. मला आवडणाऱ्या एका वादकाच्या.

मामा : म्हणजे तू पण ऐकूनच वाजवतेस. कागदावरून नाही. आणि मला म्हणतेस कागद, कागद!

हसत हसत झालेला हा आरोप अगदी अचूक आहे. कागदाशी प्रामाणिक राहायचं म्हणणारे आपण बहुतेक वेळा शेवटच्या ऐकलेल्या ध्वनिमुद्रणाशी प्रामाणिक असतो. दिखाऊ रचनांमध्ये तर हे फारच होतं. एकानं वेग वाढवला की दुसरा आणखी वाढवतो. होता होता वेग हेच रचनेचं काम होऊन बसतं, आणि ज्या चालीचे ते विस्तार आहेत ती चाल कोणाला आठवत नाही. मामांचं रस्त्यावरचं शहाणपण इथे कामाला येतं. पाऊण तासाच्या वरातीत पहिल्याच चौकात सगळा दम संपवणारा वादक मांडवापर्यंत पोचत नाही.

भाची : बरं, किती वेगात घेऊ मग?

मामा : त्यातली सगळ्यात अवघड ओळ कुठली?

भाची : ही. शेवटच्या पानावरची.

मामा : ती स्वच्छ येईल, आणि ती वाजवताना तुला हसता येईल, तेवढ्या वेगात सुरुवात कर.

भाची : आणि सुरुवातीचा संथ भाग?

मामा : तो तर मला सगळ्यात कच्चा वाटला. तिथे बोटांचं काम नाही, म्हणून तू घोटलाच नाहीस. पहिला लांब सूर धरलास तेव्हा तुझं लक्ष पुढच्या उड्यांवर होतं. लोक तिथेच ठरवतात, हिला ऐकायचं की नाही. आणि मधला तो संथ तुकडा, खालच्या सुरांचा, तिथेही तू श्वास चोरतेस. चालीच्या मधेच तोडतेस.

भाची : तिथे दम पुरत नाही.

मामा : रोज सकाळी एकच सूर धरायचा. काही वाजवायचं नाही. फक्त सूर. हळू उगवू दे, वाढू दे, हळू मावळू दे. महिनाभर कर. आणि पेन्सिलनं खुणा कर कागदावर, कुठे श्वास घ्यायचा त्याच्या. वेबरनं त्या लिहिलेल्या नाहीत ना?

भाची : नाहीत.

मामा : मग त्या तुझ्या.

माझा निवाडा असा आहे. स्वर, त्यांची जोडणी, आवाजाचे चढउतार यांत भाचीनं वेबरचं मूळ लिखाण पाळावं. कार्ल बेअरमानची आवृत्ती शेजारी उघडी ठेवून, एका कान असलेल्या माणसाची साक्ष म्हणून वाचावी, आणि पटेल तिथे तिचा आधार घ्यावा. मींड घेऊ नये. वेग तिनं स्वतःच्या अवघड ओळीवरून ठरवावा, दुसऱ्याच्या रेकॉर्डवरून नव्हे. श्वासाच्या जागा तर सर्वस्वी तिच्याच, कारण फुप्फुसं तिची आहेत. कागद पाळूनही वादकाला स्वतःचं म्हणून एवढं उरतं, आणि ते पुष्कळ आहे. कसब दाखवण्याच्या रचनेत कसबाची कसोटी धावत्या भागात लागत नाही, संथ भागात लागते, ही मामांची गोष्ट मला पूर्ण पटते. संगीत शिकवणाऱ्यांनी ती विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून सांगायला हवी.

वाचकांना एक विनंती. वेबरचा कन्सर्टिनो दोन वेगवेगळ्या वादकांचा लागोपाठ ऐका, शेवटचा भाग बाजूला ठेवून फक्त सुरुवात ऐका, आणि कोण कुठे श्वास घेतो याकडे कान द्या. आणि या लग्नसराईत तुमच्या दारावरून बँड गेला, त्यात अजून क्लॅरिनेट असलं, तर वादकाला जरा थांबवून त्याचं वाजवणं फोनवर टिपून घ्या. त्याचं नाव, गाव आणि गुरूचं नावही विचारून लिहून ठेवा.